शेवंतीमावशीचा तोल

माझी दोन्ही मुलं शेवंतीमावशीच्या पायांवर वाढली. पायांवर म्हणजे खरोखरच पायांवर. मोरीत पाट टाकून ती बसायची, लुगडं गुडघ्यावर खोचून दोन्ही पाय सरळ पुढे पसरायची आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला पालथं घालायची. मग तेल, मग साय घातलेलं डाळीचं पीठ, मग तांब्यातांब्याने ऊन पाणी. बाळ टाहो फोडायचं आणि मावशी त्याच्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलत राहायची. रडून काय होणार, तुझ्या बापसानेही असाच गळा काढला होता, आता बघ कसा मुकाट कामाला जातो.

घाटकोपरच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आमची चाळ. बिऱ्हाडं बहुतेक कोकणातली. मावशी देवगडकडची. तिचा नवरा काशीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. तो अचानक गेला तेव्हा मुलगा दशरथ शाळेत जात होता. तेव्हापासून मावशीने बाळंतिणींची कामं धरली. आमच्या चाळीत आणि खालच्या दोन चाळींत मिळून तिने न्हाऊ घातलेली पोरं किती, ते तिलाही सांगता यायचं नाही. रस्त्यात एखादा मिशीवाला बाप्या तिला वाकून नमस्कार करायचा आणि मावशी त्याच्या आईकडे वळून म्हणायची, "ह्याचं नाक मी वर काढलं गो, नाहीतर काय होतं त्याला?"

तिच्या उठण्याची तर ख्याती होती. अंघोळ झाली की ती बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरायची, एक पाय दुमडून घ्यायची आणि ओल्या मोरीतून सरळ उभी राहायची. जमिनीला हात नाही, भिंतीला हात नाही. मूल हातात असताना हात दुसऱ्या कशाला लागता कामा नये, असा तिचा नेम होता. सुनेच्या बाळंतपणाला गावाहून आलेल्या सासवा ते बघायच्या आणि मग मुकाट तिच्या हाती मूल द्यायच्या.

पंच्याऐंशी साली पावसाळ्यानंतर मावशीला मुदतीचा ताप आला. पुष्कळ दिवस अंथरुणात काढले. त्याच वेळी रक्तात साखर सापडली. ताप गेला, मावशी उठली, कामाला लागली, आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. पण मला काहीतरी वेगळं वाटत होतं. गॅलरीतून चालताना ती भिंतीवरून बोटं फिरवत यायची. मी विचारलं तर म्हणाली, चुना कसा सुटलाय बघ, हात लावला की पावडर. दंडावर एकदा काळानिळा डाग दिसला. कपाटाची कड लागली म्हणाली.

खरं काय ते तिने मला फार उशिरा सांगितलं. ती स्वतःच्या घरातल्या मोरीत दोनदा पडली होती. दोन्ही वेळा घरात कोणी नव्हतं. पाण्याचं पिंप धरून कशीबशी उभी राहिली आणि पदर नीट करून स्वयंपाकाला लागली. लपवलंस का, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे मी अगदीच अडाणी असल्यासारखं पाहिलं. न्हाऊ घालणारी बाईच मोरीत पडते असं कळलं, तर तिच्या हातात पोर कोण देईल?

आणि नेमक्या त्याच दिवसांत तिच्या घरी पाळणा हलायचा होता.

दशरथच्या बायकोला, प्रेमाला, लग्नानंतर कित्येक वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, गावच्या देवीला बोलणं झालं, लोकांचं खोचक विचारणं झालं. आता दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण प्रेमाची आई वारलेली आणि भावजयांचं तिथे आपापसात पटत नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं. मावशीने जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. गावाहून घाण्याचं खोबरेल मागवलं. मला म्हणाली, "जानकी, चाळीची पोरं न्हाणून झाली. आता माझ्या घरचा पाट मांडायचा." तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी रात्री देवाजवळ दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडले.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीत सत्यनारायण असतो. सगळी बिऱ्हाडं पटांगणात जमतात. आरती संपत आली की प्रत्येकजण जागच्या जागी स्वतःभोवती फिरून प्रदक्षिणा घालतो, तशी मावशीनेही हात जोडून, डोळे मिटून गिरकी घेतली. गिरकी पुरी झालीच नाही. ती तिरपी झाली आणि मागे उभ्या असलेल्या बायकांवर कोसळली. मनगट सुजलं, चष्मा फुटला, बाकी देवाने राखलं. पूजेत माणूस पडलं हे काही बरं नाही, असं चाळीतली मालन पुटपुटली. मला तसं वाटलं नाही. चार माणसांत, देवासमोर पडली म्हणून तरी कळलं. एकटी मोरीत डोकं आपटून पडली असती तर?

त्यानंतर बोलावणी बंद झाली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. खालच्या चाळीतल्या एका बाळंतिणीने सांगितलं की बहीण आली आहे, तीच घालते. दुसरीने सांगितलं, डॉक्टरांनी चोळायला मनाई केली आहे. मावशी मान डोलवायची.

प्रेमा मात्र तोंडावर बोलली. मी तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. प्रेमा तांदूळ निवडत होती, मावशी दुपट्याला टाके घालत होती. प्रेमाने सूप खाली ठेवलं.

"आई, राग मानू नका. बाळाला मी तुमच्या हातात नाही देणार."

"मग कोणाच्या देशील?"

"बाई ठेवू. नाहीतर मीच घालीन जमेल तशी. पण मोरीत तुमच्या हातात नाही." आणि मग आवाज खाली आला. "मला परत होईल का आई दुसरं?"

प्रेमा दुष्ट नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त इतकं सरळ म्हणायची मला हिंमत झाली नसती. मावशीने दोरा दाताने तोडला, दुपट्याची घडी घातली आणि ते इतर दुपट्यांवर नेऊन ठेवलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले, आणि गंमत म्हणजे सगळे तिच्याशी चांगलंच वागत होते. दशरथने खिडकीशी खाट टाकली आणि सांगितलं, आई, तू आता बसून राहा, काही करू नकोस, पडलीस तर हाड मोडेल. पाणी हातात, जेवण हातात. लुगड्याचा काष्टा घालताना तोल जाईल म्हणून पायघोळ गाऊन आणला. फरशी गार लागते म्हणून सपाता आणल्या. मावशी गाऊनमध्ये पाय अडकवत, सपाता फरफटवत खाट ते दार आणि दार ते खाट एवढंच चालू लागली. शिमग्यापर्यंत ती इतकी ढिली झाली की गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायलाही प्रेमाचा हात लागू लागला. सातव्या महिन्यातली प्रेमा एका हाताने स्वतःची कंबर धरायची आणि दुसऱ्याने सासूला.

मी घरी ब्लाउज शिवते. मशीनवर वाकून माझी मान धरली म्हणून म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात मला मानेला ताण घ्यायला पाठवलं. तिथे व्यायामाचा एक विभाग होता. माझी मान पट्ट्यात अडकवून बसवलं की समोरचं सगळं दिसायचं. दोन लोखंडी दांड्यांच्या मधून एक म्हातारे गृहस्थ चालत होते आणि एक शिडशिडीत तरुण बाई त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून, पण न धरता, चालत होती. पायाकडे नको बाबा, समोर बघा, असं म्हणत होती. तिचं नाव सुहासिनी. माझा पट्टा सोडायला आली तेव्हा मी तिला मावशीची सगळी हकीकत सांगितली. तिने विचारलं, किती दिवस बसवून ठेवलंय? मी सांगितलं. ती म्हणाली, "बसवून ठेवलं म्हणून पडणं थांबत नाही हो. पाय आणखी विसरतात. घेऊन या त्यांना."

मावशी यायला तयार झाली ती शेक मिळेल ह्या आशेवर. आमच्या चाळीत असं समजतात की हॉस्पिटलात जाऊन लाइटचा शेक घेतला की गुडघे नवे होतात. मी आणि दशरथने तिला पायऱ्यांवरून धरून उतरवलं आणि रिक्षात घातलं.

सुहासिनीने शेक दिला नाही. तिने मावशीला स्टुलावर बसवलं आणि हात न लावता उठायला सांगितलं. मावशी उठता उठता परत बसली. मग पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच मावशी झुलायला लागली, सुहासिनीने तिला अलगद पकडलं. मग बसवून, डोळे मिटायला लावून तळपायाशी कापूस नेला आणि विचारलं, कळतं का? मावशी म्हणाली, कळतं. सुहासिनी म्हणाली, आजी, मी अजून लावलाच नव्हता. मग आम्ही तिघी हसलो.

तिने समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. साखरेमुळे तळपायांना जमीन नीट कळत नाही. त्यामुळे मावशी डोळ्यांनी जमीन धरून चालते. डोळे मिटून गिरकी घेतली, तेव्हा तिच्याकडे पायही नव्हते आणि डोळेही नव्हते. त्यात तापाने मांड्या गेलेल्या. तळपायांचं पूर्ण बरं होणार नाही, पण मांड्या परत कमावता येतात आणि तोल शिकवता येतो, असं ती म्हणाली. मात्र रोज करावं लागेल.

मावशीने सरळ मुद्द्यालाच हात घातला. "बाय, माझ्या सुनेचं बाळ मला न्हाऊ घालायचंय. होईल?"

सुहासिनीने होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. करू या आणि बघू या, असं म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात दोघींचं वाजलं. सुहासिनी म्हणाली, आधी पडल्यावर उठायचं कसं ते शिकायचं. कुशीवर वळा, हातावर भार घ्या, गुडघ्यावर या, स्टूल धरा, मग उभ्या राहा. मावशी चटईवर आडवी झाली खरी, पण हात टेकायला तयार होईना.

"हात टेकून उठाक मी काय लंगडी झालंय?"

"हात न टेकता उठून दाखवा मग," सुहासिनी म्हणाली.

मावशीने प्रयत्न केला. पुन्हा केला. कपाळावर घाम आला. आजूबाजूचे पेशंट बघत होते. मला तर तिच्याकडे बघवेना. सुहासिनी तिच्याशेजारी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा कारखान्यात. घरी तुम्ही दोघीच. तुम्ही पडलात आणि तुम्हाला उठता आलं नाही, तर उचलायला कोण वाकेल?"

मावशी पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. मग कुशीवर वळली आणि तिने तळहात जमिनीवर टेकवला.

त्या दिवसानंतर ती जी लागली ती लागली. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ओटा धरून टाचा उचलायची आणि चहा उकळेपर्यंत थांबायची नाही. फरशीच्या सांध्यावरून एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवत, भिंतीजवळून चालायची. वळताना गिरकी नाही, कोपरा ओलांडल्यासारखं पाऊल पाऊल टाकत फिरायचं, हेही तिने घोटून घेतलं. गाऊन तिने स्वतःच दोरीवर टाकला आणि पुन्हा काष्टा मारला. सुहासिनीने तिला काष्ट्यात चालताना पाहिलं आणि गाऊन परत घालू नका म्हणून सांगितलं. सपाता गेल्या, मागे पट्टा असलेल्या रबरी चपला आल्या. मोरीच्या तोंडाशी पाय पुसायला टाकलेलं गोणपाट नेहमी सरकायचं, तेही उचललं. दशरथने कारखान्यातून पाइपाचा तुकडा आणून मोरीच्या भिंतीत पक्का बसवला आणि वर दिवा लावला. आईसाठी काय करायचं ते त्याला एकदा कळलं की तो माणूस फार कामाचा.

चाळ काही गप्प बसली नाही. मालन गॅलरीतून विचारायची, काय मावशी, शर्यतीत उतरायचं काय? मावशी एका पायावर उभी राहूनच उत्तर द्यायची. तू उतर माझ्याबरोबर, बघू कोण आधी पडतं ते. एकदा मालनने खरंच एक पाय उचलला आणि लगेच कठडा धरला. तेव्हापासून टोमणे कमी झाले. मला मावशी म्हणायची, आयुष्यभर लोकांच्या पोरांचे हातपाय ओढले, आता त्या सुहासिनीने माझे धरले आहेत, फेडायलाच हवं.

वैशाख संपता संपता मावशी डोंगराच्या पायऱ्या कठड्याला हात लावून एकटी उतरायला लागली. स्टुलावरून हात न लावता उठायला लागली. प्रेमा हे सगळं बघत होती. नवव्या महिन्यात तिने एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता, मान वर न करता सांगितलं की आई, बाई नको ठेवायला, तुम्हीच घाला. मावशी माझ्याकडे धावत आली, म्हणजे तिच्या बेताने धावत, आणि माझ्या मशीनच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत राहिली.

दोनेक दिवसांनी प्रेमा शेजारणीबरोबर तपासायला गेली होती. मी काज करत बसले होते. मावशीच्या घरातून धप्पकन आवाज आला, जड, जमिनीत शिरणारा. मी धावले.

मावशी मोरीत उभी होती. दोन्ही हातांनी तिने पाइप धरला होता. पायाशी दुपटं पडलं होतं, बाळंतिणीकडे बाळाला गुंडाळतात तशी अगदी तंतोतंत गुंडाळी, आणि त्यातून वरवंट्याचं टोक बाहेर आलं होतं. शहाबादी फरशीला ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता.

बारशाला आपल्याकडे वरवंट्याला कुंची घालून बाळाच्या आधी पाळण्याखालून देतात. बाळावरचं काय असेल ते त्या दगडाने घ्यावं म्हणून. मावशीच्या मनात तेच आलं. तिने वरवंटा दुपट्यात गुंडाळला, मोरीत पाणी ओतून ती ओली केली, पाट मांडला, वरवंट्याला पायांवर घेऊन सगळी अंघोळ घातली, आणि मग त्याला छातीशी धरून उठली. उठली अगदी छान. पाऊल टाकताना मात्र छातीवरच्या गुंडाळीमुळे खालचं दिसलं नाही आणि तळपायाला ओली फरशी कळली नाही. पाय सरकला. इतके महिने शिकवलं होतं तसे तिचे हात आपोआप पाइपाकडे गेले.

मी तिला धरून बाहेर आणायला लागले. ती हलेना.

"पडले नाही मी," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "बाळ पडलं."

मी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं ते मी बोलले. मोरीत पाट आडवा टाकला तर तडा दिसायचा नाही, आणि वरवंट्याला बोलता येत नाही. ती इतकी राबली होती, मला तिच्या तोंडचा घास जाऊ द्यायचा नव्हता. मावशीने माझ्याकडे रागाने बघितलं नाही. फक्त म्हणाली, तो वरवंटा उचलू नको, तसाच राहू दे, तिला बघू दे.

प्रेमा आली तेव्हा मावशीने तिला आधी बसायला लावलं, पाणी प्यायला लावलं आणि मग मोरी दाखवली. काही गाळलं नाही. आधी दोनदा पडले तेही सांगितलं. प्रेमा तडा बघत राहिली. पोटावर तिचा हात होता.

"मी तर हो म्हणून बसले होते," ती म्हणाली.

"तू हो म्हणालीस म्हणून तर करून बघितलं. नाहीतर मला काय, मी बघितलंच नसतं."

"आता?"

मावशीने उत्तर आधीच ठरवलं होतं. तासभर खाटेवर बसून ती तेच करत होती. म्हणाली, बसून मला सगळं येतं. पायांवर घेतलेलं पोर माझ्या पायांवरून कुठे जात नाही. जातं ते उठताना आणि चालताना. तर मी उठणारच नाही पोराला घेऊन. आधी मी बसेन, पाठ भिंतीला लावून. मग तू आणून देशील. झालं की तू घेशील. पोर तुझ्या हातात गेल्याशिवाय मी जागची हलणार नाही. "आणि तेवढंही तुला नको वाटलं," ती म्हणाली, "तर मी बाहेर बसून तुला सांगेन, तू घाल."

मी त्या दोघींकडे बघत होते. आयुष्यभर जिने मूल घेऊन उठण्याचा तोरा मिरवला, तिनेच तो असा काढून ठेवला होता. देवळात नाक घासणारी माणसं मी पुष्कळ बघितली. मोठेपण काढून ठेवणारी फार थोडी.

प्रेमाने तिथल्या तिथे काही कबूल केलं नाही. सुहासिनीला विचारू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. सुहासिनीने सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्वतःलाच बोल लावला. मी त्यांना मोकळ्या हातांनी चालवलं, वजन घेऊन कधी चालवलंच नाही, म्हणाली. मग मावशीचा बेत ऐकून ती प्रेमाला म्हणाली की ह्याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. फक्त दोन गोष्टी तिने वर घातल्या. पाटाखाली रबरी चटई घाला, आणि अंघोळीला पाणी, तेल, पीठ सगळं मावशीच्या हाताशी असू दे, वळून घ्यावं लागता कामा नये. व्यायाम बंद करायचा नाही, हे तर होतंच. प्रेमाने बाहेर पडताना, रिक्षाची वाट बघता बघता, सासूला विचारलं की बाळाचं पाणी किती ऊन लागतं. मावशीने तिचं मनगट धरून कोपर दाखवलं आणि सांगितलं, इथे सोसेल इतकं.

ज्येष्ठात प्रेमाला मुलगी झाली. हॉस्पिटलातून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. मोरीतला तडा दशरथने सिमेंटने बुजवला होता. मावशी पाठ भिंतीला लावून पाटावर बसली होती, काष्टा मारलेला, पाय पसरलेले, दोन्ही हातांना तेल. शेजारी बादली, तांब्या, वाट्या. तिने एकदा सगळ्यावरून नजर फिरवली आणि मान हलवली. प्रेमाने वाकून मुलीला तिच्या पायांवर ठेवलं. ठेवली तरी तिचा हात काही निघेना. मावशी थांबली. मग प्रेमाने हात काढून घेतला आणि समोर छोट्या स्टुलावर मांडीवर पंचा पसरून बसली.

मुलीने चाळ डोक्यावर घेतली. मावशी तिच्याशी बोलायला लागली. काय गो, रागावलीस? तुझ्या आजीने तुझ्यासाठी त्या सुहासिनीच्या शाळेत जाऊन मार खाल्लाय, आणि तू रडतेस? तिची बोटं पाठीवरून, खांद्यांवरून, इवल्याशा मांड्यांवरून जात होती. ती बोटं काहीच विसरली नव्हती. हळूहळू रडणं कमी झालं आणि मुलगी नुसती उं उं करत पडून राहिली. प्रेमाचे खांदे खाली आले. एवढा वेळ ते वर होते, हे मला तेव्हा कळलं.

अंग धुऊन झालं. प्रेमा पुढे सरकली, पंचा उघडून हात लांब केले.

"थांब," मावशी म्हणाली. "शेवटचा तांब्या राहिलाय."

हा शेवटचा तांब्या बाळावरून ओवाळून बाजूला ओततात, दृष्ट जावी म्हणून. मावशीने डाव्या हाताने मुलीला पायांवर धरलं, उजव्याने तांब्या घेतला आणि सावकाश तिच्यावरून फिरवायला लागली. ओठांत काहीतरी म्हणत होती, ते तिचं आणि देवाचं. प्रेमा हात पसरून बसून राहिली. तिने घाई केली नाही.